ऊस गेल्यावर बघू



आपल्या भागात डॉक्टरकी करणाऱ्याला दोन पंचांगे सांभाळावी लागतात. एक भिंतीवरचे आणि दुसरे कारखान्याचे. गव्हाणीत मोळी पडली की माझ्या दवाखान्यातली बागायतदारांची वर्दळ कमी होते. पोरांचा ताप-खोकला, कुणाच्या पायावर बसलेला कोयता, विंचू, ट्रॉलीवरून पडलेला एखादा गडी, एवढेच काय ते येत राहते. जुनी दुखणी मात्र कुठे गायब होतात कोण जाणे! मग पट्टा पडतो आणि ती सगळी एकदम दारात येऊन उभी राहतात. कंबर, गुडघे, छातीतली धडधड, चार-चार महिने न भरलेली जखम. रोगांनासुद्धा शेतकी खात्याने तोडीच्या तारखा दिल्या असाव्यात असे वाटावे.

"इतके दिवस का थांबलात?" म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले. "ऊस जाऊ द्या म्हटलं डाक्टर, मग बघू."

या उत्तराची मी थट्टा करणार नाही. तोड आली, टोळी फडात उतरली की घरातले एकही माणूस मोकळे राहत नाही. तोड लांबली तर उसाला तुरा येतो, वजन घटते, मग गट ऑफिसला दहा खेटे घालावे लागतात. त्यात पैसा वर्षातून एकदोनदाच हातात येणारा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास १५ टक्क्यांनी व्याज द्यावे, असे त्यात लिहिले आहे. हे कुठे किती पाळले जाते ते सभासदांना मी सांगायला नको. बिल अडले की दुखणेही अडते. (माझी उधारीसुद्धा ऊस गेल्यावरच वसूल होते, त्यामुळे या बाबतीत मी फार मोठ्याने बोलू नये हेच बरे.)

पण मला विचारायचे आहे ते वेगळेच. ऊस गेल्यावर तरी खरोखर बघतो का आपण? ऊस गेला की खोडव्याचे बघायचे. पाचट, खत, पाणी. मग लग्नसराई येते. ती सरते न सरते तोच पेरणी. पेरणीनंतर पोरांच्या फिया. पुढे पोळा, गौरी-गणपती, दसरा आणि पुन्हा बॉयलर पेटला! "ऊस गेल्यावर" या शब्दांत दुखण्याला जागा द्यायला वर्षात मोकळा असा महिनाच राहत नाही.

पुरुषांचे थोडक्यात सांगतो, कारण ते आपण पुष्कळदा ऐकले आहे आणि पुष्कळदा सोडून दिले आहे. रक्तदाब वाढलेला माणूस वरून चांगला दिसतो. हुमणी लागलेला उसाचा ठोंबही पहिले काही दिवस हिरवागारच दिसतो. पाने पिवळी पडून ठोंब उपटायला गेलो तर तो हातात येतो, कारण खाली मुळ्या उरलेल्याच नसतात. रक्तदाबाचे तसेच. लकवा मारल्यावर माणसे म्हणतात, "काल तर चांगला बैलाला पेंड घालत होता." काल चांगला नव्हता, काल कुणी पाहिले नव्हते. तिशी उलटली की वर्षातून एकदा दंडाला पट्टा बांधून घ्यावा, साखर पाहावी. तंबाखू मळणाऱ्याने आरशासमोर उजेडात तोंड उघडून बघावे. पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारे तोंड, किंवा उभी तीन बोटे तोंडात जात नसतील तर ऊस फडात उभा असला तरी उठून यावे. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कुठल्या टपरीवर आहे ते कळले तर मलाही सांगा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. विषय बायकांचा आहे, आणि वाचणारे बहुतेक पुरुष आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहितो आहे. शेअर बहुधा तुमच्या नावावर, बिल तुमच्या खात्यावर, मोटारसायकलची चावी तुमच्या खिशात. घरातल्या बाईने दवाखान्यात कधी जायचे हे बऱ्याच घरांत तुम्हीच ठरवता. किंवा तुम्ही ठरवत नाही, आणि म्हणून ती जात नाही.

"अंगावरून जातंय" हे शब्द माझ्या खोलीत दिवसातून निदान पाच-सहा वेळा उमटतात. तेही सरळ नाही. बाई येते ती कंबर दुखते म्हणून. सोबत सासू किंवा नवरा असतो. कंबरेची गोळी लिहून होते, मंडळी उठतात आणि दाराशी गेल्यावर बाई मागे वळून हळूच सांगते. किती दिवस, म्हणून विचारले की ती बोटे मोजत नाही, हंगाम मोजते. "मागच्या खेपेला टोळी आली होती तेव्हापासून." दुखणे अंगावर काढणे हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत कुणी बनवला असेल ते ठाऊक नाही, पण तो बाईला बघूनच बनवला असावा.

यातल्या बहुतेक तक्रारी साध्या जंतुसंसर्गाच्या असतात. आठ-पंधरा दिवसांचे औषध, नवरा-बायको दोघांनी घ्यायचे, थोडी स्वच्छता, एवढ्यावर ते बरे होते. "दोघांनी" या शब्दाला घोडे अडते. नवरेमंडळी म्हणतात, "मला काय झालंय?" गोळ्या तिने एकटीने घेतल्या की दुखणे महिन्याभरात परत येते. असे दोनतीनदा झाले की ती वैतागते, घरचेही वैतागतात, आणि मग कुणीतरी तो तोडगा सांगतो: "पिशवी काढूनच टाका की. कटकट तरी जाईल!"

हा तोडगा लोकांना का आवडतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लोक अडाणी म्हणून असे करतात असे शहरातली माणसे म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्या लोकांचा हिशेब पक्का असतो. औषधाला दर महिन्याला यावे लागते, आणि दर महिन्याला यायला ना वेळ, ना पैसा. ऑपरेशन एकदाच. पट्टा पडल्यावर, बिल आल्यावर, एका फटक्यात. शिवाय त्या बाईला दोन-तीन लेकरे झालेली असतात, मग पिशवीचे काम काय उरले, असा सवाल. त्यावर कुणीतरी मोठ्या पाटीचा माणूस सोनोग्राफीचा कागद पुढे धरून म्हणतो, "आत्ता नाही काढली तर कॅन्सर होईल." संपले! कॅन्सर म्हटल्यावर घरात कोण वाद घालणार? दोन तोळे मोडतात, नाहीतर सावकाराकडून आणतात.

पिशवी काढावी लागते अशी कारणे आहेत, हे मी स्वच्छ सांगतो. मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, पिशवी खाली उतरणे, आणि खरोखरीचा कॅन्सर. अशा वेळी शस्त्रक्रिया टाळणेही चूकच. पण नुसते पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, पाळी मागेपुढे होते, म्हणून तिशीतल्या बाईची पिशवी काढणे म्हणजे मावा पडला म्हणून उभ्या उसावर नांगर घालण्यासारखे आहे. आणि पुष्कळदा पिशवीबरोबर अंडाशयही काढतात. मग चाळिशी यायच्या आत तिच्या अंगात म्हातारपण शिरते. अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होतात, सांधे धरतात, काळजाचे विकार लवकर गाठतात. कटकट गेली म्हणून काढलेली पिशवी, आणि कंबर धरून ती बाई जन्मभर माझ्याच दारात. तिला पूर्वीइतके काम होत नाही. मग घरात तिला बोलणी बसतात ती वेगळीच.

शेजारच्या बीड जिल्ह्यात काय घडले ते २०१९ साली वर्तमानपत्रांतून सगळ्या देशाने वाचले. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांची विचारपूस झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक! कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. पुढे तिथे खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पाडले गेले, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक ऑपरेशने रोखण्याचे नियम सगळ्या राज्यांनी लागू करावेत असा आदेश दिला.

हे बीडचे झाले, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध असा, की त्या बायका कुणाच्या फडात होत्या? ऊस तोडायला येणारी टोळी आभाळातून पडत नाही. बीडमधून येते, आपल्याच भूम, वाशी, कळंबच्या बालाघाटाकडच्या कोरडवाहू गावांतूनही माणसे कोयता घेऊन पश्चिमेला जातात. आपण ज्याला "एक कोयता" म्हणतो तो म्हणजे नवरा आणि बायको. त्या अर्ध्या कोयत्याचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. चूल, भाकरी, मग फड, मग मोळ्या बांधणे, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणे. रात्री-अपरात्री गाडी आली तर पुन्हा उठणे. राहायला कोपी. पाणी जिथे मिळेल तिथले. आडोसा म्हणजे तुमचाच उभा ऊस, तोही रोज थोडा थोडा कमी होत जाणारा. पाळीच्या दिवसांत धडके धुवायला पाणी नाही, बदलायला जागा नाही. एक दिवस बसली तर खाडा, आणि खाड्याला दंड. मुकादमाच्या उचलीत तो दंड चढत जातो. अशा बाईने "पाळीच नको" म्हटले तर त्यात नवल कसले? तिने पिशवी आजारासाठी काढली नाही. हंगामासाठी काढली.

आणि इथेच मला आपल्या घरातली बाई आणि कोपीतली बाई एका ओळीत दिसतात. बागायतदारणीला खाडा नाही, दंड नाही, घर पक्के आहे, हे खरे. पण तिचे दुखणेही उसाच्या तारखेवरच ठरते. एकीचे मुकादम ठरवतो, दुसरीचे आपण. एवढाच काय तो फरक.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती आपल्या जिल्ह्यातली आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात ती फारशी कुणाला ठाऊक नाही, याचा मला दर वेळी अचंबा वाटतो.

बार्शी आपल्याला परकी नाही. बाजार, मार्केट, दवाखाने, सगळ्याला आपण बार्शीला जातो. तिथे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या कर्करोगावर काम उभे केले. १९८७ साली बार्शी तालुका आणि आपले परंडा व भूम तालुके मिळून कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशात खेड्यापाड्यातली अशी नोंदवही तोवर नव्हती. नोंदी करायच्या तर माणसांनी गावोगाव जायला हवे, कारण खेड्यातला कर्करोगी दवाखान्यात पोचतोच असे नाही. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर, ओसरीवर बसून बोलले, कुणाला काय होते ते विचारले, आणि जिला लक्षणे होती तिला तपासायला आणले. काही वर्षांनी असे दिसले, की या गावांतले पिशवीच्या तोंडाचे कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागले आहेत. यंत्र नवे नव्हते, औषध नवे नव्हते. नुसते कुणीतरी येऊन बोलले होते, एवढेच. डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि थोडी खजील करणारीही, कारण आमच्या धंद्यात बोलण्याला फी नाही.

त्यानंतर १९९९ साली मोठे काम सुरू झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लिआँ शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था, यांनी मिळून आपला जिल्हा निवडला. तेव्हाचे उस्मानाबाद, आताचे धाराशिव. गावांचे ५२ गट केले. त्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका या कामात धरल्या गेल्या. काही गटांत पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन तपासल्या. काहींत ॲसेटिक ॲसिडचे पाणी, म्हणजे साधारण सिरक्यासारखे औषध, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. काहींत एचपीव्ही नावाच्या विषाणूची चाचणी केली. आणि काही गटांत माहिती दिली, पण तपासणी केली नाही.

आठ वर्षांनी हिशेब मांडला. विषाणूची चाचणी ज्या गटांत झाली तिथे ३४,१२६ बायका होत्या. त्यांतल्या ३४ या कर्करोगाने गेल्या. ज्यांची तपासणीच झाली नाही त्या ३१,४८८ जणींत ६४ गेल्या. म्हणजे जन्मात एकदाच केलेल्या एका चाचणीने मरणे जवळजवळ निम्म्यावर आली! बाकीच्या दोन पद्धतींनी त्या आठ वर्षांत तसा ठळक फरक पडलेला दिसला नाही. एप्रिल २००९ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात छापून आले, आणि तेव्हापासून या विषयावर जगात कुठेही चर्चा निघाली की उस्मानाबादचे नाव येते. तपासणी न केलेले गट ठेवणे योग्य होते का, यावर पुढे टीकाही झाली, आणि ती टीका उडवून लावण्यासारखी नाही. त्या ६४ जणी आपल्याच गावांतल्या होत्या. पण म्हणूनच मला वाटते, की त्यांच्याकडून जे शिकायला मिळाले त्याचा पहिला लाभ आपल्या गावांना व्हायला हवा होता.

झाला का? देशभराची पाहणी (२०१९ ते २१) सांगते, की ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, तिशीनंतर चाचणी सुरू करा, पस्तिशीला एक आणि पंचेचाळिशीला एक एवढी तरी करा. जिनिव्हात बसून हे सांगणाऱ्यांच्या पुराव्याच्या बाडात आपल्या बायकांचे आकडे आहेत. आणि आपल्या बायकांना कुणी सांगतो, "कॅन्सर होईल, पिशवी काढा." ज्या भीतीला उत्तर याच मातीत सापडले, तीच भीती इथेच विकली जाते. मला संताप येतो तो याचा.

या विषाणूबद्दल दोन शब्द नीट सांगितले पाहिजेत, नाहीतर घरात भलतेच रामायण व्हायचे. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो आणि अतिशय सर्रास असतो. संसारी बायकांपैकी बहुतेकींना तो कधी ना कधी होऊन जातो. चाचणीत तो निघाला म्हणजे कुणाच्या चारित्र्याचा दाखला निघाला, असे मुळीच नाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींत तो ठाण मांडतो आणि पिशवीच्या तोंडावर हळूहळू फरक घडवतो. त्याचा कर्करोग व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढी सवड कुठला रोग देतो? त्या सवडीत सापडले, तर तोंडावरचा तेवढाच भाग गोठवून नष्ट करता येतो. पिशवी जागच्या जागी राहते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

तेव्हा "पिशवी काढा" असे कुणी सांगितले तर आधी विचारा: तपासणी केली का? कशाची केली? तिचा कागद कुठे आहे? आणि दुसऱ्या एका डॉक्टराचे मत घ्या. घाई फक्त भळभळत्या रक्ताला असते. बाकी पुष्कळशी घाई ऑपरेशन करणाराची असते. आमच्या धंद्यातले काहीजण यावर माझ्यावर रुसतील. रुसू देत.

लाजेचा प्रश्न मी नाकारत नाही. पण लाज कशी मोडते याचे उदाहरणही जवळच आहे. आपल्या भूम तालुक्याच्या शेजारी, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. आपल्या तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांनी अशाच बायांना 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. गावातली बाई गावातल्या बाईशी चुलीपुढे जे बोलू शकते ते मी माझ्या खुर्चीवर बसून सात जन्मांत बोलू शकणार नाही. आता २००५ पासून सरकारच्या आशाताई आहेत. त्यांना गावात मान द्या. त्या विचारायला आल्या की "आमच्यात कुणाला काही नाही" असे पुरुषाने ओसरीवरून परस्पर सांगू नये.

आता कारखान्याचे. सभासद म्हणून आपल्याला वार्षिक सभेत उभे राहून बोलायचा हक्क आहे, आणि तो आपण उसाच्या भावाखेरीज फारसा वापरत नाही. मला विचाराल तर यंदाच्या सभेत चार गोष्टी निघाव्यात. बॉयलर पेटायच्या आधी, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, गटवार तपासणीचे दिवस ठरावेत. ऊस गेल्यावर नव्हे, ऊस जायच्या आधी. रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि पिशवीचे तोंड. सरकारचा तिशीपुढच्या सगळ्यांसाठी या तपासण्यांचा कार्यक्रम आहेच. प्राथमिक आरोग्य केंद्राला कारखान्याने जागा, गाडी आणि निरोप एवढे दिले तरी काम होते. उसाच्या नोंदीसाठी शेतकी खात्याचा माणूस प्रत्येक वस्तीवर पोचतो. तोच कागद वाटू शकतो. सरकारी तपासणी बहुतेक ठिकाणी सिरक्याच्या पद्धतीची असते. आपल्या जिल्ह्यातल्या कामात तिचा फरक दिसला नव्हता, पण मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या डॉक्टरांनी ती वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा केली तेव्हा मरणे कमी झाली. त्यामुळे विषाणूची चाचणी मिळत नसेल तर हीसुद्धा करावी, पण एकदा करून थांबू नये. आणि विषाणूची चाचणी आपल्याकडे मिळावी अशी मागणी सभेने ठराव करून करावी. आकडे आपले आहेत, मागायला संकोच कसला?

टोळीचेही त्याच सभेत निघावे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये आणि तेवढेच शासनाने द्यायचे, असे ठरलेले आहे. तुमच्या-माझ्या उसाच्या टनावर मोजलेले ते पैसे आहेत. त्यातून कोपीतल्या बाईला काय मिळाले हे विचारणे आपले काम आहे. बाकी, फडाच्या मालकाला सभेचीही वाट पाहायला नको. बोअरचे पाणी दोन तास कोप्यांकडे सोडणे, बांधाच्या कडेला पोती लावून आडोसा करणे, ओली बाळंतीण किंवा आजारी बाई असेल तर चिटबॉयला आणि मुकादमाला "आज हिचा खाडा धरू नका" म्हणून चार शब्द सांगणे. मुकादम ऐकतोच असे नाही. पण फडाचा मालक बोलला तर तो निदान ऐकून घेतो.

मुलींसाठी लसही आहे. नऊ ते चौदा वयात देतात. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून बाजारात आली आहे. पोरीच्या लग्नासाठी ती पाळण्यात असल्यापासून आपण पैसा जमवतो. त्यातला थोडा इकडे वळवायला हरकत नाही.

तपासणीला येताना एवढे करावे. पाळीचे दिवस टाळून यावे. जुने कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे, सगळे पिशवीत घालून आणावे, त्यातले काय लागेल ते आम्ही ठरवू. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते आणि भूल लागत नाही. सभासद बंधूंनी बरोबर जरूर यावे, गाडी त्यांनीच चालवावी. फक्त बाई आत बोलत असताना त्यांनी बाहेरच्या बाकावर बसावे. तिथे रक्तदाबाचे यंत्र ठेवलेले आहे, आणि ते लावायला सिस्टरबाई बसलेल्या असतात.